बाप्पाच्या वाहनाकडून शिकण्यासारखे : वाळवंटातले छोटे प्राणी आणि आपला उन्हाळा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा, मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढलेला मजकूर)





मंडळाचे सचिव दीड महिन्यापूर्वी घरी आले आणि म्हणाले, "सर, यंदा तुमचं व्याख्यान ठेवायचं आहे. विषय तुमचा, वेळ आमची. पाऊण तासाच्या वर जाऊ नका, नंतर मुलांची नाटुकली आहे." मी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. गणपतीवर अधिकारवाणीने बोलणारे आपल्याकडे बरेच आहेत, तो माझा प्रांत नाही. पण बाप्पाच्या पायाशी जो बसला आहे, त्याच्याबद्दल मला चार गोष्टी ठाऊक आहेत. म्हणून आज मी मालकाबद्दल न बोलता वाहनाबद्दल बोलणार आहे. तेही घरातल्या उंदराबद्दल नाही, तर त्याच्या वाळवंटात राहणाऱ्या भाऊबंदांबद्दल.

तुम्ही म्हणाल, रायपूरला बसून वाळवंटाच्या गोष्टी कशाला? आपल्या पंडरीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो कोणी कपडा बाजारातून जुन्या बसस्टँडपर्यंत चालत गेला असेल, तो हा प्रश्न विचारणार नाही. नौतपाचे ते नऊ दिवस आपण सगळेच मोजून काढतो. शिवाय हा विषय निवडण्यामागे माझ्या घरातलं एक कारण आहे. ते मी शेवटाकडे सांगेन.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. त्यासाठी मोदक लागतील. उकडीचे दोन मोदक घ्या, एक नेहमीचा आणि एक लहान मुलांसाठी केलेला, त्याच्या निम्म्या उंचीचा. दोन्ही एकाच वेळी मोदकपात्रातून काढून ताटात ठेवा. आधी कोणता निवेल? लहान. हे आपल्या आयांना शाळेत न जाताही माहीत होतं. त्यामागचं गणित असं, की उंची निम्मी झाली की मोदकाचं आकारमान आठव्या हिश्शावर येतं, पण त्याचा पृष्ठभाग मात्र चौथ्या हिश्शावरच येतो. म्हणजे लहान मोदकाला त्याच्या सारणाच्या मानाने बाहेरची पारी दुप्पट. उष्णता जाते-येते ती या पारीतूनच.

प्राण्याचंही तसंच. हत्ती म्हणजे मोठा मोदक. तो तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. तीस-चाळीस ग्रॅमचा उंदीर म्हणजे अगदी चिमुकला मोदक. उन्हात ठेवला की लगेच तापणार, थंडीत ठेवला की लगेच गार पडणार. आणि सस्तन प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचं तापमान साधारण ३७-३८ अंशांच्या आसपास राहायला हवं. तुमचं-आमचंही तेच.

आता आपण काय करतो? घाम गाळतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. माठातलं पाणी गार होतं, कूलर गार हवा देतो, ते याच तत्त्वावर. पण उंदराला हा उपाय परवडत नाही. इतकं छोटं शरीर भर उन्हात पाण्याच्या बळावर गार ठेवायचं, तर त्याला दर तासाला स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी खर्चावं लागेल. दोन तासांत खेळ खलास. म्हणून निसर्गाने त्याला अंगभर घामाच्या ग्रंथी दिल्याच नाहीत, फक्त तळव्यांना थोड्या दिल्या. मग हा इवलासा जीव वाळवंटात जगतो तरी कसा?

याचं उत्तर शोधायचं काम आपल्या देशात जोधपूरला झालं. तिथे केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था आहे, तिला सगळे काझरी म्हणतात. १९५९ साली ती या नावाने उभी राहिली. तिथले डॉ. ईश्वर प्रकाश यांनी थरच्या वाळवंटातल्या उंदरांच्या अभ्यासात सारी हयात घालवली. १९७५ साली त्यांनी आणि पी. के. घोष यांनी संपादित केलेला वाळवंटी कृंतकांवरचा इंग्रजी ग्रंथ बाहेर आला. कृंतक म्हणजे उंदीर, खार, घूस अशी कुरतडणारी मंडळी. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे उंदीर शत्रू, त्यामुळे अभ्यासाचा हेतू त्यांचा बंदोबस्त हाही होता. पण शत्रूचा अभ्यास नीट केला की त्याच्याबद्दल आदर वाटू लागतो, तसं माझं हे ग्रंथ वाचताना झालं.

थरमध्ये जर्बिल नावाच्या उंदरांच्या अनेक जाती आहेत. शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका, मोठे डोळे, वाळूच्या रंगाची पाठ. एका जातीच्या तर तळपायावरही केस असतात, त्यामुळे वाळूत पाय रुततही नाही आणि भाजतही नाही. यांपैकीच एक जात, जिला भारतीय जर्बिल म्हणतात, ती केवळ राजस्थानात नाही. भारतभर कोरड्या, भुसभुशीत जमिनीत ती आढळते, आपल्या महाराष्ट्रातही. म्हणजे हा पाहुणा फार लांबचा नाही.

उन्हाळ्यात थरच्या वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापतो. हवेचं म्हणाल, तर १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीला ५१ अंशांची नोंद झाली, तो आपल्या देशातला विक्रम. पण त्याच वाळूत हात-दीड हात खाली गेलात, की परिस्थिती बदलते. वरची उष्णता तिथे पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि रात्रीचा गारवा पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. त्यामुळे खाली दिवसरात्र जवळपास एकच तापमान राहतं, साधारण तीस-पस्तीसच्या घरात. शिवाय उंदराच्या श्वासातला ओलावा बिळात साठतो, हवा दमट राहते आणि शरीरातलं पाणी कमी उडतं. जर्बिल दिवसभर या तळघरात असतो आणि रात्री बाहेर येतो.

एक जात मात्र दिवसा हिंडते. तिलाच खास भारतीय वाळवंटी जर्बिल म्हणतात. तिचं वेळापत्रक पाहण्यासारखं आहे. हिवाळ्यात ती ऊन चढल्यावर, भर दुपारी बाहेर पडते. उन्हाळ्यात तीच जर्बिल सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन पाळ्या करते, आणि दुपारी बिळात. तिला घड्याळ नाही, हवामान खात्याचा इशारा नाही. पण ऋतू बदलला की कामाची वेळ बदलते.

मुलांनो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उन्हाशी लढायला तिच्याकडे पहिलं हत्यार शरीर नाही. पहिलं हत्यार जागा, दुसरं वेळ. शरीराचा नंबर तिसरा.

तरी शरीरातही कमाल आहेच. प्यायला पाणी नाही, तर काय करायचं? या प्रश्नाचा छडा अमेरिकेत लावला गेला. तिथल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात कांगारू उंदीर असतो, मागच्या लांब पायांवर टणाटण उड्या मारणारा. आपल्या जर्बिलशी त्याचं जवळचं नातं नाही, पण दोघांनी तोडगे जवळपास सारखेच काढले आहेत. क्नूत श्मिट-नील्सन आणि बोडिल श्मिट-नील्सन या दांपत्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा अभ्यास सुरू केला. हा उंदीर पाणी पीतच नाही, कोरडं धान्य खातो. लोकांना वाटे, उंटाच्या पाठीत असतं म्हणतात तसं यानेही कुठेतरी पाणी साठवलं असेल. (उंटाच्या मदारीतही पाणी नसतं बरं का, चरबी असते.) तसं काही निघालं नाही. अन्न शरीरात पचून जळतं, तेव्हा त्यातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होतं. शंभर ग्रॅम कोरडे जव खाल्ले तर सुमारे चोपन्न ग्रॅम पाणी मिळतं. हे पाणी तुमच्या-माझ्या शरीरातही तयार होतं. फरक इतकाच, की आपलं त्यावर भागत नाही आणि त्याचं भागतं. कारण तो काटकसरी आहे.

ही काटकसर आपल्या आजीच्या घरखर्चासारखी आहे. पहिली बचत मूत्रपिंडात. आपल्यापेक्षा साधारण चौपट दाट मूत्र तो तयार करतो, म्हणजे तेवढाच मळ बाहेर टाकायला चौथाई पाणी. दुसरी बचत नाकात. श्वास आत घेताना कोरडी हवा नाकाच्या ओल्या भिंतींवरून जाते, भिंती गार होतात. तोच श्वास बाहेर येताना त्या गार भिंतींवर त्यातली वाफ पुन्हा जमते, गार भांड्यावर बाहेरून पाणी जमतं तशी. बाहेर जाणारा श्वास शरीरापेक्षा बराच गार असतो, आणि पाणी घरच्या घरी राहतं. आपल्या थरच्या जर्बिलवरही काझरीत याच अंगाने काम झालं. कोरड्या धान्यावर, पाण्याशिवाय, तीही दीर्घकाळ तग धरते.

आता दिवसा उन्हात हिंडणाऱ्यांचं पाहू. अमेरिकेच्या वाळवंटात एक छोटी खार आहे. ती उन्हात धावपळ करते आणि शरीर तापू देते, अगदी ४३ अंशांपर्यंत. माणूस त्या आधीच कोसळेल. मग ती धावत बिळात जाते, गार मातीला पोट टेकवून पडते, साठलेली उष्णता जमिनीला देऊन टाकते आणि पुन्हा बाहेर. दिवसभर अशा खेपा. म्हणजे उष्णता उधारीवर घ्यायची आणि बिळात जाऊन फेडायची. बीळ नसेल तर ही उधारी तिला त्याच दिवशी मारेल. आफ्रिकेतल्या एका खारीची शेपटी झुपकेदार असते. ती शेपटी पाठीवरून डोक्यावर छत्रीसारखी धरते आणि सूर्याकडे पाठ करून चरते. त्या छत्रीने तिला जाणवणारं तापमान पाच अंशांहून अधिक उतरतं, असं मोजलेलं आहे. सहारातला फेनेक कोल्हा मांजरापेक्षा लहान, पण कान वीतभर. त्या पातळ कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की उष्णता बाहेर जाते. आपल्या घरच्या उंदराची बिनकेसांची शेपटी हेच काम करते.

आणि हे पाहायला परदेशी जायला नको. आपल्या पंडरीतच मे महिन्यात अंगणातल्या ओल्या फरशीवर किंवा झाडाच्या फांदीवर खार चारही पाय पसरून, पोट टेकून, सपाट पडलेली तुम्ही पाहिली असेल. आमच्या शेजारच्या काकूंना ती आजारी वाटली होती, त्यांनी तिच्यापुढे द्राक्ष ठेवलं. ती आजारी नव्हती, पोटातली उष्णता फरशीला देत होती. द्राक्ष मात्र तिने खाल्लं.

वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊनच आठवतं, पण तिथली हिवाळ्याची रात्र तितकीच कठीण. उत्तर राजस्थानात चुरूला पारा कधीकधी शून्याखालीही जातो. इथे लहान मोदकाची अडचण उलटी होते, उष्णता भसाभस बाहेर जाते. त्यावर उपाय असे. मानेजवळ आणि खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. ती हलचाल न करता, न कुडकुडता थेट उष्णता निर्माण करते. आपल्या तान्ह्या बाळांनाही ती असते. म्हणूनच बाळ कुडकुडत नाही, तरी उबदार राहतं. दुसरा उपाय म्हणजे बिळात एकमेकांना चिकटून झोपणं. चार छोटे मोदक एकत्र ठेवले की एक मोठा मोदक झाला.

तिसरा उपाय सर्वांत धाडसी, तो म्हणजे शेगडीच मंद करायची. ऑस्ट्रेलियात डनार्ट नावाचा उंदरासारखा दिसणारा एक पिशवीवाला प्राणी आहे. अन्न कमी पडलं की रात्री तो शरीराचं तापमान वीस अंशांच्याही खाली उतरू देतो, हृदय आणि श्वास संथ करतो. सकाळी कसाबसा सरपटत उन्हात येतो आणि सूर्याकडून फुकटात अंग तापवून घेतो. इस्रायलमध्ये मृत समुद्राच्या परिसरात काटेरी केसांचा एक सोनेरी उंदीर राहतो, तोही दिवसातले काही तास अशी मंद शेगडी ठेवतो. अमेरिकेत निवडुंगाच्या रानातला एक उंदीर तर पाणी आणि अन्न आटल्यावर हे भर उन्हाळ्यात करतो. थंडीतली झोप आपण ऐकलेली असते, ही उन्हाळ्यातली झोप.

आता मी सुरुवातीला म्हणालो होतो त्या घरच्या कारणाकडे येतो.

२०१५ सालचा मे महिना. नौतपा लागला होता. माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आहेराचं सामान अपुरं पडलं. एकवीस टॉवेल-टोप्या आणि काही ब्लाउजपीस आणायचे होते. माझ्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, उद्या जमा करायचे. मी माझ्या थोरल्या भावाला, दादाला म्हणालो, "दादा, तू जाऊन येतोस का कपडा बाजारात? दुपारी गर्दी नसते." वहिनी म्हणाल्या, "भावजी, ऊन उतरू द्या." दादा हसला. म्हणाला, "आपण वर्ध्याची माणसं. आम्हाला कसलं ऊन लागतं?" आणि डोक्याला रुमाल बांधून स्कूटरवर निघाला. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता.

दोन तासांनी फोन आला. बाजारातल्या एका गल्लीत दादा पडला होता. मी पोहोचलो, तेव्हा एका दुकानाच्या पायरीशी सावलीत त्याला आडवं केलेलं होतं. शर्ट काढलेला. एक हमाल त्याच्या छातीवर, मानेवर, काखेत घड्यातलं पाणी ओतत होता आणि दुसरा कापडाच्या थानातला पुठ्ठा घेऊन जोरजोरात वारा घालत होता. दादाचं अंग कोरडं होतं, तव्यासारखं तापलेलं. तो मला ओळखत नव्हता, काहीतरी असंबद्ध बोलत होता. दुकानदार बिचारे घाबरून ग्लासातून पाणी पाजायला पुढे झाले, तर त्या हमालाने त्यांचा हात धरला. म्हणाला, "पहले होश में आने दो, सेठ. अभी पिलाओगे तो फेफड़े में जाएगा."

रुग्णालयात ताप मोजला, तो १०६ च्या पुढे होता. डॉक्टर म्हणाले, तिथेच ते पाणी आणि वारा झाला नसता, तर आम्हाला फार काही करता आलं नसतं. दादा वाचला. पण पुढे कितीतरी महिने त्याचे हात थरथरत, आणि उन्हात तो पुन्हा पूर्वीसारखा कधी गेला नाही. मुलीच्या लग्नात तो खुर्चीवर बसून होता. अक्षता टाकताना त्याचा हात वर जात नव्हता, वहिनींनी धरून नेला.

मंडळी, उष्णतेचं संतुलन हा धडा मी त्याआधी सव्वीस वर्षं वर्गात शिकवला होता. जर्बिल दुपारी बाहेर पडत नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो. आणि माझ्या दादाला दुपारी दीड वाजता मी बाहेर पाठवलं. गर्दी नसते म्हणून! गर्दी का नसते, याचा विचार केला नाही. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण दादा समोर बसला आहे आणि त्यानेच सांगितलं, "बोलायचं असेल तर हेही बोल."

दादाचं ते वाक्य आपल्यातले बरेच जण बोलतात. आम्ही विदर्भातले, आम्ही रायपूरचे, आम्हाला सवय आहे. सवय ही गोष्ट खोटी नाही. रोज उन्हात थोडं थोडं काम केलं, तर साधारण एक ते दोन आठवड्यांत माणसाचं शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. पण ही सवय गावाच्या नावाने मिळत नाही, वंशपरंपरेने तर नाहीच. उन्हातलं काम सुटलं की काही आठवड्यांत ती ओसरते. दादा वर्ध्याहून आला त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती, आणि ती तीस वर्षं कार्यालयात कूलरसमोर गेली होती. सवय वर्ध्यातच राहिली होती, तोंडात फक्त वाक्य उरलं होतं.

आणि ज्यांना खरोखर सवय आहे, त्यांनाही मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. हवा कोरडी असेल तर ते बरंच खाली येतं, दमट असेल तर येत नाही. आपला कूलर मे महिन्यात छान चालतो आणि जूनमध्ये पहिल्या सरींनंतर नुसताच आवाज करतो, ते याचमुळे. घामाचंही तेच. हे आर्द्र तापमान ३५ अंशांवर गेलं की घाम निरुपयोगी ठरतो, असा हिशेब २०१० साली मांडला गेला होता. २०२२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियामध्ये तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वृद्ध आणि आजारी माणसांची याहून कमीच धरायला हवी. तेव्हा भादव्यातली घामट दुपार आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आज सकाळी मूर्तीसमोर रांगेत उभ्या असलेल्या आजींना खुर्ची देणारे कार्यकर्ते योग्य तेच करत होते.

आता एक शेवटची शास्त्रीय गोष्ट. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठे कोणते पक्षी आणि प्राणी आहेत याच्या बारकाईने नोंदी केल्या होत्या. शंभर वर्षांनी शास्त्रज्ञ पुन्हा त्याच जागांवर गेले. मधल्या काळात वाळवंट अधिक तापलं होतं. पक्ष्यांच्या जाती जागोजागी खूप घटल्या होत्या. पण उंदरांसारखे छोटे सस्तन प्राणी जवळपास होते तसेच टिकून होते. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कारण काय? पक्ष्याला दिवसा उघड्यावर राहावं लागतं, गार राहायला पाणी खर्चावं लागतं. उंदराला बीळ आहे आणि रात्र आहे. ऊन दोघांवर सारखंच वाढलं, पण ज्याला बीळ होतं तो टिकला.

हे वाचलं, तेव्हा मला तो हमाल आठवला. दादा रुग्णालयातून घरी आल्यावर मी त्याला शोधत पुन्हा बाजारात गेलो. तो गाठ पाठीवर घेऊन येत होता, दुपारचीच वेळ होती. मी आभार मानले, त्याने ते फारसे ऐकून घेतले नाहीत. गाठ उतरवून घाम पुसत एवढंच विचारलं, "मंझनिया काबर निकलथव, साहेब? हमर त मजबूरी हे." भर दुपारी तुम्ही का बाहेर पडता? आमचा तर नाइलाज आहे.

त्या उष्माघाताचा इलाज त्याला पुस्तकातून कळलेला नव्हता. त्याच्याबरोबरचे एक-दोघे त्याने तसे पडताना पाहिले होते.

आपल्याला बीळ आहे, मंडळी. घर आहे, पंखा आहे, माठ आहे, रजा टाकायची सोय आहे. आपण बाहेर पडतो ते बहुधा हट्टाने, नाहीतर विसरून. त्याच्याकडे जागा निवडायची सोय नाही आणि वेळ निवडायचीही नाही. उरतं ते फक्त शरीर. आणि वाळवंटातला एकही छोटा प्राणी केवळ शरीराच्या भरवशावर जगत नाही, हे आपण आज पाहिलं.

म्हणून मंडळाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली घरोघरची. लग्नसराईची खरेदी सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर करावी. आपण दुपारी दुकानात गेलो नाही, तर दुपारी गाठीही कमी उतरतील. कोणी उन्हाने पडलं, बरळू लागलं, तर आधी सावली, मग अंगावर पाणी आणि वारा, आणि लगेच रुग्णालय. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. दुसरी विनंती मंडळाची. उत्सव संपला की या मांडवाचे बांबू आणि कापड गोदामात जातं आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत पडून राहतं. चैत्रापासून मृगापर्यंत त्यातलंच थोडं कापड बाजाराच्या तोंडाशी बांधता येईल. खाली चार बाकं, दोन रांजण, आणि एक-दोन ओल्या खसाच्या ताट्या. हमाल, हातठेलेवाले आणि रिक्षावाले यांनी दुपारी अर्धा तास टेकावं एवढंच. पहिल्या वर्षीच्या रांजणांचा खर्च दादाने आणि मी करायचं ठरवलं आहे. पाणी भरायच्या पाळ्या मात्र तुम्ही लावून घ्यायच्या आहेत.

बाप्पाने एवढं मोठं शरीर घेऊन वाहन निवडलं ते सगळ्यांत लहान. त्यामागचा अर्थ जाणकार सांगतील. मला त्या छोट्या जीवाची अक्कल तेवढी सांगायची होती. सचिव घड्याळाकडे पाहत आहेत आणि नाटुकल्यातले मावळे मिशा लावून तयार आहेत, तेव्हा थांबतो. व्याख्यान संपल्यावर पाळ्यांची वही दादाच्या खुर्चीपाशी ठेवलेली असेल. नावं तिथे लिहावीत.

गणपती बाप्पा मोरया!